मोटारसायकलची चेन घरच्या घरी बदलताना

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून बाहेर पडते ती एका लहान दातेरी चक्रावर, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटवर. तिथून मागच्या चाकापर्यंत ती नेण्याचे काम चेन करते. चेन स्वच्छ असेल, तिला वंगण असेल आणि ताण योग्य असेल, तर या वाटेवर जेमतेम दोन-तीन टक्के ताकद वाया जाते. सुरुवातीच्या मोटारसायकलींना चामड्याचे पट्टे असत. ते पावसात घसरत आणि चढावर दगा देत. त्यांची जागा रोलर चेनने घेतली. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला जी बुश-रोलर चेन तयार केली, तिचीच रचना थोड्याफार सुधारणांसह आजही चालू आहे.

ही रचना समजली की चेन का आणि केव्हा बदलायची हे आपोआप कळते. चेनमध्ये दोन प्रकारच्या कड्या एकाआड एक येतात. आतल्या कडीच्या दोन पट्ट्यांत पोकळ बुश घट्ट बसवलेले असतात आणि त्या बुशांवर रोलर मोकळे फिरतात. बाहेरच्या कडीच्या पट्ट्यांत पिना घट्ट बसवलेल्या असतात आणि त्या पिना आतल्या कडीच्या बुशमधून आरपार जातात. चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा प्रत्येक सांध्यात पिन बुशमध्ये थोडीशी फिरते. रोलर दात्यांवर घासत नाहीत, तर लोळतात. त्यामुळे खरी घासाघीस डोळ्यांना दिसत नाही. ती पिन आणि बुश यांच्यामध्ये, आतल्या आत चालते.

‘चेन ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात किंचित मोकळीक येते आणि सगळ्या सांध्यांची मोकळीक एकत्र होऊन चेन लांबते. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४२८ मापाच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर असते. अशा १०८ कड्यांची चेन नवी असताना १३७१.६ मिलिमीटर भरते. प्रत्येक सांधा फक्त ०.१३ मिलिमीटर झिजला, तरी पूर्ण चेन सुमारे १४ मिलिमीटरने लांब होते. पिना आणि बुश यांचे वरचे कठीण केलेले थर पातळच असतात. ते एकदा संपले की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि झीज झपाट्याने वाढते. महिनोन्महिने ठीक चाललेली चेन शेवटी शेवटी दर आठवड्याला ढिली होऊ लागते, त्याचे कारण हेच.

चेनची अवस्था अंदाजाने ठरवू नये, मोजावी. गाडी डबल स्टँडवर घेऊन खालची बाजू ताणून धरावी आणि २१ पिना मोजून पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मापावे. मध्ये २० कड्या येतात. ४२८ मापाच्या नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलिमीटर असते. ते २५६.५ झाले तर चेन एक टक्का लांबली आहे, आणि २५९ झाले तर दोन टक्के. बहुतेक उत्पादकांची मर्यादा या दोन आकड्यांच्या आसपास असते, काहींची याहूनही कडक असते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकडा अखेरचा मानावा. मोजमाप चेनच्या तीन-चार ठिकाणी घ्यावे, कारण ती सगळीकडे सारखी झिजत नाही. पट्टी जवळ नसेल तर आणखी एक परीक्षा आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे चेन गोल वळते तिथे, एक कडी चिमटीत धरून मागे ओढावी. दात्याचा निम्मा भाग उघडा पडत असेल तर चेनचे आयुष्य संपले आहे.

मग पाहायचे ते दाते. नव्या स्प्रॉकेटचा दाता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दाता विळ्याच्या टोकासारखा एका बाजूला वाकलेला दिसतो. चेन लांबली की तिच्या कड्यांमधले अंतर आणि दात्यांमधले अंतर यांचा मेळ बसत नाही. रोलर दात्यांच्या खोबणीत तळाशी न बसता वर चढतात आणि अनेक दात्यांनी वाटून घ्यायचा भार थोड्याच दात्यांवर येतो. पुढच्या स्प्रॉकेटचे हाल जास्त होतात. पुढे १४ आणि मागे ४२ दाते असतील, तर मागचे चाक एकदा फिरेपर्यंत पुढचे स्प्रॉकेट तीनदा फिरते. म्हणजे तिथल्या प्रत्येक दात्याला तिप्पट काम पडते. शिवाय आकार लहान असल्यामुळे चेनला तिथे जास्त तीव्र वळण घ्यावे लागते.

पैसे वाचवण्यासाठी फक्त चेन बदलण्याचा मोह इथे आवरला पाहिजे. वाकलेल्या दात्यांवर नवी चेन घातली की ती जुन्या झिजेशी जुळवून घेताना स्वतःच झिजते आणि निम्म्याहून कमी काळात पुन्हा खर्च येतो. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकमेकांसोबत झिजतात, तेव्हा ती एकत्रच बदलावीत. दुकानात यालाच चेन किट किंवा चेन सेट म्हणतात. कोइमतूरच्या एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्सची रोलॉन, मुरुगप्पा समूहाच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सची डायमंड ही आपल्याकडची जुनी आणि सहज मिळणारी नावे आहेत. काही महागड्या गाड्यांसाठी जपानी डीआयडीचाही पर्याय असतो. खोक्यावरचे नाव कोणतेही असो, गाडीचे मॉडेल आणि साल सांगूनच किट घ्यावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक दात्यांची संख्या बदललेली असू शकते.

चेनच्या पट्टीवर ४२८, ५२०, ५२५ असे आकडे कोरलेले असतात. त्यांचा अर्थ सोपा आहे. पहिला अंक म्हणजे दोन पिनांमधले अंतर इंचाच्या किती आठव्या भागांइतके आहे ते. चार म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पाच म्हणजे पाच अष्टमांश इंच, सुमारे १५.९ मिलिमीटर. पुढचे दोन अंक आतल्या रुंदीचे, म्हणजे स्प्रॉकेटचा दाता ज्या जागेत शिरतो तिचे. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ लागते. केटीएम ड्यूक ३९० सारख्या जोरदार गाडीला ५२०. या आकड्यांपुढे कड्यांची संख्या येते, आणि ती नेहमी सम असते. आतली आणि बाहेरची कडी एकाआड एक असल्यामुळे विषम संख्येची चेन जोडायची तर वाकडी अर्धी कडी घालावी लागते. ती कमकुवत असते. मोटारसायकलीत ती वापरू नये.

चेनची टोके जोडणारी कडी म्हणजे चेन लॉक. लहान गाड्यांत हे लॉक क्लिपचे असते. दोन पिनांची पट्टी, तिच्यावर बसणारी दुसरी पट्टी आणि ती निसटू नये म्हणून लावलेली क्लिप, एवढेच त्याचे भाग. जास्त ताकदीच्या गाड्यांत लॉकच्या पिनांची टोके ठोकून पसरवलेली असतात आणि त्यासाठी खास अवजार लागते. काही गाड्यांना लॉकच नसते. अखंड चेन बसवण्यासाठी स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा हलता दुपाखा, खोलावा लागतो. घरी काम करण्याचा सल्ला पहिल्या प्रकारालाच देता येईल. पिना ठोकण्याचे अवजार आणि सराव नसेल तर दुसऱ्या दोन प्रकारांची गाडी गॅरेजलाच न्यावी. वेगात सुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनचे आवरण फोडू शकते, किंवा मागचे चाक जागीच जाम करू शकते. पुढचे वर्णन स्प्लेंडरच्या वर्गातल्या, क्लिप लॉक आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीचे आहे.

अवजारे फार लागत नाहीत: रिंग पाने, गोटी पान्यांचा संच, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, पोलादी पट्टी, ब्रश, रॉकेल आणि भरपूर फडकी. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. जागा सपाट हवी. ओट्यावर किंवा उतारावर डबल स्टँडवरची गाडी पुढे सरकून पडते, म्हणून पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वीट लावावी. इंजिन थंड असावे आणि किल्ली काढून खिशात ठेवावी. चेनचे कोणतेही काम इंजिन चालू ठेवून करू नये. स्टँडवर गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनवर फडके धरण्याची सवय अनेकांना असते. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते, त्यासोबत बोटे जातात आणि ती तुटतात. चाक हातानेच फिरवावे, न्यूट्रलमध्ये.

काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत: एक्सलवरच्या वॉशरांचा क्रम, ब्रेकची सळई, चेन ताणण्याच्या बोल्टची जागा. मग डावीकडचा गिअरचा पायपट्टा काढावा. तो दातेरी दांड्यावर बसतो, म्हणून काढण्याआधी दोन्हींवर एकाच रेषेत खूण करावी, म्हणजे परत लावताना तो वर-खाली होत नाही. त्यामागचे आवरण काढले की पुढचे स्प्रॉकेट दिसते. तिथे वंगण, माती आणि वाळू यांचा जाड थर साचलेला असतो. तो आधी खरवडून घ्यावा, नाहीतर नव्या चेनला पहिल्याच दिवशी तेच खाद्य मिळते.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन चढलेली असतानाच ढिले करावेत. चेन उतरल्यावर दांडा मोकळा फिरतो आणि पान्याला जोर लावता येत नाही. लहान गाड्यांत स्प्रॉकेटला एक पातळ पट्टी दोन लहान बोल्टांनी अडवून धरते. मोठ्या गाड्यांत मधोमध एकच मोठा नट असतो आणि तो सुटू नये म्हणून वॉशरची कड वाकवलेली असते. गाडी गिअरमध्ये टाकून, कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगून हे बोल्ट फक्त सैल करावेत. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये आणावी, चेन कव्हर उतरवावे, चाक फिरवून लॉक मागच्या स्प्रॉकेटवर आणावे आणि पकडीने क्लिप काढावी. क्लिप उडते. दुसऱ्या हाताने किंवा फडक्याने ती झाकून धरावी.

मागचे स्प्रॉकेट बदलायचे असल्याने चाकही निघाले पाहिजे. ब्रेकच्या सळईचा नट काढायचा आणि ब्रेकच्या पत्र्याला स्विंगआर्मशी बांधणारी टॉर्क पट्टी सोडवायची. मग एक्सलचा नट काढून एक्सल ठोकून बाहेर घ्यायचा; मात्र ठोकताना आट्यांवर हातोडी थेट मारू नये, मध्ये लाकडाचा तुकडा धरावा. अनेक गाड्यांत स्प्रॉकेट ज्या तबकडीवर बसते ती चाकात रबरांच्या तुकड्यांवर टेकलेली असते. गिअर बदलताना बसणारा धक्का ही रबरे पचवतात. तबकडी हाताने मागे-पुढे हलवून पाहावी. ती खडखडत असेल तर रबरेही याच वेळी बदलावीत. ती स्वस्त असतात आणि त्यासाठी पुन्हा चाक उतरवणे परवडत नाही. चाकाची बेअरिंग बोटाने फिरवून तपासावीत. स्प्रॉकेटचे नट घट्ट करताना एकाच ओळीत न जाता समोरासमोरचे आवळावेत आणि लॉकची पत्री पुन्हा नटाच्या कडेवर वाकवावी. पुढचे स्प्रॉकेट बसवताना त्याची कोणती बाजू बाहेर होती ते फोटोत पाहावे, कारण काही स्प्रॉकेटांना एका बाजूला उंचवटा असतो. उलटे बसवले तर चेन काही मिलिमीटर बाजूला सरकते आणि सतत तिरकी चालते.

नव्या चेनला कारखान्यातून आलेले ग्रीस पुष्कळांना चिकट घाण वाटते. ते खरे वंगण असते आणि पिना-बुशांपर्यंत पोचलेले असते. नवी चेन रॉकेलने धुऊ नये. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली की पुरे.

नव्या पुढच्या स्प्रॉकेटवर चेन गुंफून ते दांड्यावर सरकवावे, चाक जागेवर बसवावे, एक्सल घालून नट हाताने लावावा आणि चेन ताणणारे बोल्ट पूर्ण सैल ठेवावेत. नवी चेन जुन्यापेक्षा आखूड असते, त्यामुळे चाक बरेच पुढे ढकलावे लागते. चेनची दोन्ही टोके मागच्या स्प्रॉकेटच्या लागोपाठच्या दात्यांवर टेकवावीत. दाते टोकांना बरोबर अंतरावर धरून ठेवतात आणि लॉक विनासायास बसते. लॉक चाकाच्या बाजूने आत घालावे, बाहेरून पट्टी चढवावी आणि क्लिप पिनांच्या खाचांत सरकवावी. ओ-रिंगची चेन असेल तर पट्टीच्या आत रबरी कड्याही घालाव्या लागतात.

क्लिपची दिशा हा या सगळ्या कामातला सर्वांत लहान आणि सर्वांत गंभीर तपशील आहे. क्लिपचे एक टोक बंद असते, दुसरे उघडे. चेन ज्या दिशेने धावते, त्या दिशेला बंद टोक असले पाहिजे. गाडी पुढे जाताना चेनची वरची बाजू पुढे सरकते, म्हणून लॉक वरच्या बाजूला असताना बंद टोक हेडलाइटकडे दिसले पाहिजे. उलट बसवलेल्या क्लिपचे उघडे टोक एखाद्या दगडाला किंवा कव्हरला आपटले तर ती मागे ढकलली जाऊन निघते. जुनी क्लिप पुन्हा वापरू नये. एकदा काढताना ती फाकलेली असते.

आता ताण. सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि बहुतेक वेळा चेन गरजेपेक्षा घट्ट केली जाते. खालच्या बाजूच्या मध्यावर चेन बोटाने वर-खाली करून एकूण हालचाल मोजतात. लहान गाड्यांत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी लागते. नेमका आकडा पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. पूर्ण बंद चेन कव्हरला यासाठी रबरी बूच असलेले भोक ठेवलेले असते. एवढी ढील ठेवण्यामागे भूमिती आहे. स्विंगआर्म ज्या बिंदूभोवती वर-खाली होतो, तो बिंदू पुढच्या स्प्रॉकेटच्या केंद्रावर नसतो, थोडा मागे असतो. त्यामुळे गाडी खड्ड्यात दबली की दोन्ही स्प्रॉकेटांमधले अंतर बदलते. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बिंदू आणि मागचा एक्सल एका सरळ रेषेत येतात तेव्हा ते अंतर सर्वांत जास्त असते. स्टँडवर तारेसारखी ताठ दिसणारी चेन, दोन माणसे बसून गाडी दबली की गिअरबॉक्सच्या दांड्याला आणि चाकाच्या बेअरिंगला ओढू लागते. ढिली चेन आवाज करून सावध करते, घट्ट चेन गुपचूप बेअरिंग खाते. शंका असेल तर दिलेल्या मर्यादेतली जास्त ढील पसंत करावी.

चेन मोजताना चाक फिरवत पाच-सहा ठिकाणी मोजावे आणि जिथे ती सर्वांत घट्ट असेल तिथे ताण ठरवावा. दोन्ही बाजूंचे बोल्ट पाव-पाव फेऱ्याने, सारखे फिरवावेत. स्विंगआर्मवर खुणा असतात, पण त्या नेहमीच अचूक नसतात. स्विंगआर्मच्या बिंदूपासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजणे जास्त भरवशाचे. मागून चेनच्या रेषेत एक डोळा झाकून पाहिले तरी तिरकेपणा ओळखू येतो. चाक तिरके असले तर चेनच्या आतल्या पट्ट्या दात्यांना एकाच बाजूने घासतात, आणि महिन्याभरात स्प्रॉकेटच्या एका बाजूला चकाकी दिसू लागते. एक्सलचा नट आवळताना चाक मागे-पुढे सरकते आणि ठरवलेला ताण बिघडतो. म्हणून मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या वरच्या बाजूत दुमडलेले फडके अडकवून चाक मागे फिरवावे. चेन ताणली जाऊन एक्सल ताणण्याच्या बोल्टांवर घट्ट टेकतो, आणि त्याच स्थितीत नट आवळता येतो. फडके काढून ताण पुन्हा मोजावा.

यानंतर राहतो तो ब्रेक, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास आतापर्यंतचे सगळे काम धोक्याचे ठरते. चाक पुढे सरकल्यामुळे सळईची लांबी बदललेली असते. ब्रेक पेडलचा मोकळा खेळ पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावा, चाक मोकळे फिरते का ते पाहावे आणि पेडल दाबल्यावर मागचा दिवा लागतो याची खात्री करावी. टॉर्क पट्टीचा नट आणि त्याची पिन दोनदा तपासावी. ती सुटली तर ब्रेक दाबताच आतला पत्रा चाकासोबत फिरतो, सळई तोडतो आणि ब्रेक जातो. एक्सलच्या नटाला कॉटर पिन असेल तर ती नवी घालावी.

चेन कव्हर आणि साडी गार्ड जागेवर लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे. ओढणी किंवा पदर चेनमध्ये अडकून होणारे अपघात फार भयंकर असतात.

पहिली फेरी गल्लीतच, सावकाश मारावी आणि लगेच ताण व नट पुन्हा पाहावेत. नवे भाग एकमेकांत बसताना पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये चेन थोडी ढिली होतेच. साधारण तीनशे ते पाचशे किलोमीटरनंतर एकदा ताण जुळवावा. मग पुढे बराच काळ तो टिकतो. वंगण दर पाचशे किलोमीटरच्या आसपास द्यावे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत, किंवा चिखल-पाण्यातून गाडी गेल्यावर, किलोमीटर न मोजता द्यावे. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब खालच्या बाजूच्या आतून, पट्ट्यांच्या फटींत सोडावे. फिरताना ते आपोआप बाहेरच्या अंगाला पसरते. जास्तीचे पुसून घ्यावे, कारण त्यावर धूळ बसून तिचा लेप होतो. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिना-बुशांमधले ग्रीस रबरी कड्यांनी कोंडलेले असते, आणि बाहेरचे तेल त्या कड्या कोरड्या पडू नयेत म्हणून लागते. अशी चेन पेट्रोलने धुतली किंवा तारेच्या ब्रशने घासली तर कड्या खराब होतात आणि आतले ग्रीस निघून जाते.

उतरवलेले किट भंगारात द्यावे. ‘अडीअडचणीला होईल’ म्हणून ठेवलेली झिजलेली चेन कधीतरी पुन्हा गाडीवर चढते आणि नव्या स्प्रॉकेटचे दाते खराब करते. जपून ठेवायचे असेल तर एक नवे, योग्य मापाचे चेन लॉक घ्यावे आणि ते गाडीच्या अवजारांच्या पिशवीत टाकावे. रस्त्यात क्लिप निघाली तर त्या एका लॉकवर गाडी घरी येते.